पहिला दणका विमान सोसतं

मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. एरवी तो फोन करतो तो दुपारी, जेवून झाल्यावर, आणि विषय काय तर मेसमधला रस्सा कसा पाणीदार असतो आणि सुट्टीत आल्यावर तांबडा-पांढरा कुठं खायचा, त्यामुळं एवढ्या रात्री त्याचं नाव दिसल्यावर मी शेडमधनं बाहेर रस्त्यावरच आलो, आत लेथ चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं. पहिलंच वाक्य, "मामा, मी बरा आहे." असं वाक्य आलं की पोटात गोळा येतोच. मग म्हणाला, "लँडिंगला विमान आपटलं. मला कुठं लागलेलं नाही, खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय तेवढाच. तू आईला सांगू नको."

भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, वय वीस. आमच्याकडं याआधी विमानाच्या वाटेला कोण गेलेलं नाही. माझं आयुष्य कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर गेलं, दाजींची शेती शिरोळ तालुक्यात, ऊस. हा लहान असताना मीच त्याला स्कूटरवर पुढं उभा करून उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान बघायला न्यायचो, तेव्हा इथं रोज विमानं यायचीच नाहीत, कित्येकदा नुसता माळ आणि वाऱ्याची दिशा दाखवत हलणारा तो केशरी पट्ट्यांचा कापडी मोजा बघून आम्ही परत यायचो. आता ताई-दाजींनी जमिनीवर कर्ज काढून त्याला पाठवलंय. ट्रेनिंगची शाळा कुठली, गाव कुठलं हे मी लिहिणार नाही, तिथल्या लोकांनी त्याला नंतर नीट सांभाळून घेतलं आणि झालं ते कुठल्याही धावपट्टीवर होऊ शकतं.

नेमकं काय झालं ते मला एका फोनमध्ये कळलं नाही. तीन-चार दिवस रोज रात्री तो थोडं थोडं सांगत होता आणि मी प्रश्न विचारत होतो, कारण मला मशीनचं कळतं पण हवेतलं काही कळत नाही. आता बरंच कळतंय, आणि म्हणूनच लिहितोय. ज्यांची पोरं-पोरी शिकायला गेलीत त्या घरांतून याच्यावर कुणी बोलत नाही, मोठा अपघात झाला की सगळे बोलतात.

सकाळी पावणेदहाला तो एकटा निघाला, सोलो सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विमान सेस्ना १७२, चार सीटचं, पंख वर असलेलं, जगभर बहुतेक पोरं याच्यावर किंवा याच्याच धाकट्या भावावर, १५२ वर शिकतात. काम एवढंच की उडायचं, धावपट्टीला गोल चक्कर मारायची, उतरायचं, परत उडायचं. सर्किट म्हणतात त्याला. निघताना वारं ८ नॉट होतं, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास, काहीच नाही. पहिली दोन लँडिंग चांगली झाली. तिसऱ्या चकरेला टॉवरनं सांगितलं, वारं २२० अंशावरनं, १२ नॉट, गस्ट २२, म्हणजे मधनंच झोत येतात ते २२ पर्यंत.

हे आकडे मी त्याला दोनदा सांगायला लावले. धावपट्टी होती २७, म्हणजे विमानाचं तोंड २७० अंशाला, पश्चिमेकडं. वारं येतंय २२० वरनं, म्हणजे डाव्या हाताकडनं ५० अंश तिरकं. एवढ्या तिरक्या वाऱ्यातला साधारण पाऊण हिस्सा आडवा लागतो. १२ चा आडवा हिस्सा ९ नॉट, त्याला तो हिशेब जमला असता. पण २२ चा होतो १७. आणि सेस्ना १७२ च्या पुस्तकात लिहिलंय की कंपनीच्या पायलटनं चाचणीत १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलंय. म्हणजे एका श्वासात जमणारं वारं, पुढच्या श्वासात कंपनीच्या पायलटनं दाखवलं त्याच्याही पुढचं. एकतीस तास झालेला पोरगा, शेजारच्या सीटवर कोण नाही.

गस्ट म्हणजे काय हे मला त्यानं ज्या पद्धतीनं समजावलं ते मला फार आवडलं. तो म्हणाला, मामा तुला वाटतं वारं विमानाला ढकलतं, पण उतरताना खरा त्रास वेगळाच असतो. पंखाला कळतो तो फक्त हवेचा वेग, आणि पंखाची उचल वेगाच्या वर्गानं बदलते. सेस्ना ६५ नॉटनं उतरायला येते. समोरनं अचानक १० नॉटचा झोत आला की पंखाला वाटतं आपण ७५ नं चाललोय, उचल एका क्षणात तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. विमान वर उसळतं. तोच झोत गेला की पंखासाठी वेग झाला ५५, उचल पाव हिश्श्यापेक्षा जास्त कमी, विमान खाली बसतं. आपल्या उजळाईवाडीला ते पंख्यांचं एटीआर येतं ते साधारण ११० नॉटनं उतरायला येतं, त्याला तोच १० नॉटचा झोत लागला तर उचलीत वीस टक्क्यांच्या आतबाहेर फरक पडतो आणि वजन २० टनांच्या घरात. सेस्ना भरलेली असली तरी साडेअकराशे किलो, आणि त्या दिवशी आत तो एकटा, म्हणजे अजूनच हलकी. त्याच हवेत मोठं विमान थोडं हलतं आणि छोटं विमान अक्षरशः पतंगासारखं वागतं.

म्हणून शिकवतात की गस्ट असली तर थोडा वेग जास्त ठेवायचा. २२ वजा १२ म्हणजे १०, त्याचा अर्धा ५, ६५ मध्ये मिळवायचे, ७० नं यायचं. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपा, त्या पण पूर्ण खाली सोडायच्या नाहीत. हे त्याला पाठ होतं, त्यानं मला फोनवर न अडखळता सांगितलं. पण त्या चकरेत टॉवरचा आकडा त्यानं ऐकला, "रॉजर" म्हणाला, आणि आकडा कानातच राहिला, हातापर्यंत आला नाही. फ्लॅप आधीच्या दोन लँडिंगसारखे पूर्ण ३० अंश, वेग ६५.

शेवटच्या टप्प्यात वेग एकदा ५८ वर आला तेव्हा त्यानं पॉवर दिली. बरोबर केलं. तेवढ्यात झोत परत आला, आता पॉवर पण आहे आणि वारं पण आहे, विमान धावपट्टीच्या वर दहा-बारा फुटांवर येऊन तरंगायला लागलं आणि वर जायला लागलं. त्याला बलूनिंग म्हणतात, फुग्यासारखं. खाली धावपट्टी संपत चाललीय असं त्याला वाटलं, संपत नव्हती, भरपूर होती, पण त्याला वाटलं. आणि त्यानं नाक खाली करायला स्टिअरिंग पुढं ढकललं.

पुढचं चाक आधी टेकलं.

इथनं पुढचं मी व्हिडिओत बघितलंय. त्याचा एक मित्र खाली उभा राहून शूट करत होता, वाढदिवसाला एकत्र करून द्यायला म्हणून सगळ्यांची लँडिंग काढत होता बिचारा. व्हिडिओ मी कुणाला पाठवलेला नाही आणि पाठवणार पण नाही. पहिल्या टेकण्यापासून शेवटच्या दणक्यापर्यंत चार सेकंद. पुढचं चाक टेकतं, नाक वर उसळतं, विमान परत हवेत, हा परत ढकलतो, परत नाकावर, आता जास्त जोरात, परत वर, परत ढकलतो, आणि तिसऱ्यांदा जे येतं ते पुढच्या चाकाची दांडी मोडून पंखा धावपट्टीला लावूनच. मग डावीकडं वळत वळत गवतात जाऊन थांबतं. धूळ. आणि मित्राचा आवाज येतो, नुसतं नाव घेऊन ओरडल्याचा.

याला पॉरपॉइजिंग म्हणतात. शिकणाऱ्यांच्या हातनं होणाऱ्या लँडिंगच्या अपघातांत हा प्रकार जुना आणि ओळखीचा आहे, पुस्तकात त्याचं चित्र काढलेलं असतं, पाण्यातनं उड्या मारत जाणाऱ्या माशासारखी रेघ. त्याला ते चित्र माहीत होतं. तरी झालं. कारण विमान उसळलेलं डोळ्याला दिसतं, मग डोकं हाताला सांगतं, हात हलतो, मग शेपटी हवेत काम करते, तोवर विमान खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे वर जाताना द्यायचा धक्का खाली येताना बसतो. झोका उलट्या वेळी ढकलला तर अंगावर येतो तसं. प्रत्येक वेळी माणूस बरोबर तेच करायला बघतोय आणि प्रत्येक वेळी उशीर होतोय, आणि प्रत्येक उडी आधीपेक्षा मोठी.

हे ऐकल्यावर मला काय आठवलं सांगतो. लेथवर लांब जॉब, म्हणजे कातायचा तुकडा लावला आणि टूल हादरायला लागलं, चॅटर यायला लागलं, की नवीन पोरगं काय करतं, हँडल अजून घट्ट धरतं आणि फीड दाबतं. त्याला वाटतं जोर कमी पडतोय. जॉबवर लाटा उठतात, टूलचं टोक उडतं, एखाद्या वेळी जॉबच सेंटरमधनं निसटतो. माझ्या वस्तादांनी मला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली, आधी टूल मागं घे. बाकी सगळं नंतर बघू, स्पीड बघू, सेंटर बघू, धार बघू, पण पहिल्यांदा टूल मागं. मी हे भाच्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्यात त्याला गो-अराउंड म्हणतात मामा."

पूर्ण पॉवर द्यायची, नाक सांभाळायचं, उजवा पाय दाबायचा कारण पॉवर दिली की नाक डावीकडं ओढतं, फ्लॅप ३० वरनं आधी २० ला आणायचे, एकदम सगळे काढायचे नाहीत, वेग ६० झाला की वर चढायचं आणि परत चक्कर मारून यायचं. पाच-सहा मिनिटं जातात. थोडं पेट्रोल जातं. बलून झाल्यावर करता येतं, पहिली उडी झाल्यावर पण करता येतं. उडी लहान असेल तर नाक आहे तसं धरून किंचित पॉवर देऊन विमानाला स्वतःहून बसू द्यायचं, मोठी असेल तर निघून जायचं. पहिल्या दणक्यानंतर त्याचं विमान धड होतं. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलाय, पहिल्या उसळीत पंखा फिरतोय, चाक सरळ आहे. पहिला दणका विमान सोसतं, त्याच्यासाठीच बनवलंय ते, शिकाऊ पोरांचे हजारो दणके खायला. पुढचे दोन त्याच्या हातनं बसले.

मी विचारलं, मग का नाही गेलास वर? त्यानं जे उत्तर दिलं त्याच्यामुळं मला ही पोस्ट लिहायची होती.

तो म्हणाला, खाली सगळे बघत होते. आदल्या दिवशी एका मुलानं दोनदा गो-अराउंड केला तर संध्याकाळी मेसमध्ये त्याला चिडवलं होतं, काय रे, खाली यायचं नाही का तुला. आणि दुसरं म्हणजे, हे त्यानं फार हळू आवाजात सांगितलं, प्रत्येक तासाचे पैसे त्याच्या डोक्यात चालू असतात. एक चक्कर वाया म्हणजे किती, वर्षाला व्याज किती, दाजींचा ऊस कधी जाणार. दहा फुटांवर विमान तरंगतंय आणि पोराच्या डोक्यात कर्जाचा हप्ता. हे आम्ही मोठ्यांनी घातलंय त्याच्या डोक्यात. मी सुद्धा. प्रत्येक फोनला मी विचारायचो, किती तास झाले? किती लँडिंग झाली? कधी असं विचारलं नाही की आज किती वेळा उतरायचं सोडून दिलंस. असा प्रश्न असू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

गवतात का गेलं तेही सांगतो. विमानाची उभी शेपटी मोठी असते, जमिनीवर आलं की आडवं वारं त्या शेपटीला धरतं आणि नाक वाऱ्याकडं वळवतं, देवळावरच्या पताकेसारखं. हवेत असताना नाक थोडं वाऱ्याकडं तिरकं ठेवून खेकड्यासारखं यायचं आणि टेकायच्या आधी पायानं नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख खाली दाबून ठेवायचा, त्या बाजूचं मुख्य चाक आधी टेकवायचं. आणि मेन म्हणजे टेकल्यावर सुटलो म्हणून हात सैल सोडायचा नाही, वारं डावीकडनं असेल तर स्टिअरिंग डावीकडंच, वेग उतरत जाईल तसं अजून डावीकडं, विमान पूर्ण थांबेपर्यंत. बरीच विमानं नीट टेकल्यावर मग बाजूला जातात ती यामुळंच. उतरलो असं वाटणं आणि उतरून झालेलं असणं यात काही सेकंदांचा फरक आहे.

आता विमानाचं काय झालं. हा भाग मला जरा जास्त कळतो म्हणून सांगतो. त्यानं फोटो पाठवले होते. पंख्याची दोन्ही पाती टोकाला मागं वळलेली, ॲल्युमिनियमची पाती ती, हातानं वाकवल्यासारखी दिसत होती. त्याला वाटत होतं पंखा बदलला आणि पुढचं चाक बसवलं की झालं. मी म्हणलं तसं नसतं रे. चालू इंजिनचा पंखा डांबराला लागला म्हणजे तो दणका सरळ क्रँकशाफ्टमध्ये, इंजिनच्या मुख्य शाफ्टमध्ये जातो, कारण या विमानात मधे गिअरबॉक्स नाही, पंखा थेट क्रँकच्या तोंडावर बसवलेला. नंतर त्याच्या इंजिनिअरनं पण तेच सांगितलं. लायकोमिंगचं चार सिलेंडरचं इंजिन आहे, कंपनीचाच नियम आहे की पंखा असा लागला की इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं. क्रँकला डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना तो किती वाकडा फिरतो ते बघायचं, मॅग्नेटवर क्रॅक बघायची, आणि क्रँकच्या मागच्या टोकाला जो गिअर असतो तो बसवलेला बोल्ट आणि डॉवेल पिन तपासायची. त्या एका गिअरवर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट चालतो, ठिणगी देणारे मॅग्नेटो चालतात. तो सरकला तर हवेत इंजिन बंद. वरनं काहीच दिसणार नाही, इंजिन सुरू पण होईल, सुरेख वाजेल पण. उद्यमनगरात आम्ही दणका बसलेला शाफ्ट कधी डोळ्यांनी पास करत नाही, डायल लावल्याशिवाय हात पण लावू देत नाही. आणि १७२ मध्ये पुढच्या चाकाची दांडी फायरवॉलला बसवलेली असते, इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा, नाकावर आपटलं की तो पत्रा सुरकुततो. त्यांच्या विमानाचा पण सुरकुतला होता. म्हणजे पोराला खरचटलं नाही पण विमान पुढचे कित्येक महिने हँगरमध्ये.

त्या आठवड्यात मी रात्री बसून आपल्याकडचे तपासाचे रिपोर्ट वाचायला लागलो. विमान अपघात तपासणारा सरकारचा वेगळा विभाग आहे, एएआयबी, २०१२ पासनं, त्यांचे रिपोर्ट नेटवर कुणालाही वाचता येतात. मोठ्या विमानांचे सगळे वाचतात. पण त्यात शिकाऊ विमानांचे पण असतात, आणि वाचताना एकच गोष्ट परत परत येते, सोलो, वारं, उसळी, पुढचं चाक, धावपट्टीच्या बाजूला गवत. बऱ्याच ठिकाणी शेवटी, पोरगं स्वतः दार उघडून बाहेर आलं. जगात सगळीकडं छोट्या विमानांचे सगळ्यात जास्त अपघात लँडिंगलाच होतात आणि त्यात जीव क्वचित जातो, वेग कमी असतो म्हणून. प्रत्येक रिपोर्टच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की हा तपास परत असं होऊ नये म्हणून आहे, दोष कुणाचा हे ठरवायला नाही. मला ते वाक्य इतकं पटलं की मी भाच्याला वाचून दाखवलं. कारण तो त्या दिवसांत फक्त दोष मोजत होता.

आणि घरात आपण काय करतो बघा. टीव्हीवर बारामतीकडचं, इंदापूरकडचं शिकाऊ विमान शेतात पडल्याची बातमी येते, २०२२ च्या जुलैमध्ये कडबनवाडीला एक मुलगी एकटी होती विमानात, वाचली, तर लोक पहिलं काय विचारतात, चूक कुणाची. तेव्हा मी पण विचारलं होतं.

आता वाऱ्याकडं माझं लक्ष जातंच. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये सकाळ कशी शांत असते बघा, रंकाळ्यावर पाणी हलत नाही, आणि अकरा वाजल्यापासनं माळ तापला की वारं उड्या मारायला लागतं. तापलेल्या जमिनीवरनं हवा गोळ्या-गोळ्यांनी वर सुटते आणि तिच्या जागी वरची हवा खाली येते, वारं एकसारखं राहतच नाही. म्हणून ट्रेनिंगची विमानं पहाटे आणि संध्याकाळी जास्त उडतात. वळवाचं अजून वेगळं, ढग लांब पन्हाळ्याच्या नाहीतर शिरोळच्या बाजूला असतो, इथं ऊन असतं, आणि पाऊस यायच्या आधी थंडगार वाऱ्याचा लोट धूळ घेऊन येतो, आमच्या शेडचे पत्रे थडाथड वाजतात. पूर्वी मी पत्रे वाजले की कपडे काढायला घरी फोन करायचो. आता पहिला विचार येतो की या क्षणी कुठंतरी एखादं पोर उतरायला येत असेल.

परवा रविवारी उजळाईवाडीला जाऊन आलो, एकटाच. राजाराम महाराजांनी १९३९ साली हा विमानतळ सुरू केला, त्या काळात, किती लांबचं बघितलं असेल त्यांनी. धावपट्टी आता १९३० मीटर झालीय, आमच्या वेळी १३७० होती. दिशा ०७-२५, म्हणजे पावसाळ्यातलं पश्चिमेचं वारं बऱ्यापैकी तोंडावर येतं, पट्टी आखताना वारं बघूनच आखतात हे मला भाच्यानं सांगितलं. त्यानं अजून एक हिशेब करून दाखवला होता, आपला माळ समुद्रापासनं साधारण २००० फूट उंच, मे मध्ये ३८ डिग्री तापला की हवा इतकी पातळ होते की विमानाला वाटतं आपण ५००० फुटांवर आहोत. वेगाच्या घड्याळात ६५ च दिसतात, पण खाली जमीन ७० च्या वेगानं पळते. शिकणाऱ्याला सगळंच घाईत चाललंय असं वाटतं. मी कुंपणाच्या बाहेर उभा राहिलो. तो मोजा अर्धवट फुगून हलत होता, १५ नॉटला तो पूर्ण ताठ होतो. एक एटीआर आलं, नाक किंचित तिरकं, शेवटच्या क्षणी सरळ झालं आणि एका बाजूची चाकं आधी टेकली. शेजारी एक बाई लहान मुलाला दाखवत होती, ती म्हणाली, "वाकडंच उतरलं की ओ." मी म्हणलं, नाही ताई, बरोबर उतरलंय, आणि तिला पाच मिनिटं समजावत बसलो.

ताईला सांगायचं की नाही याच्यावर मी दोन दिवस घालवले. तो सांगू नको म्हणाला होता. पण मला वाटायला लागलं की लपवलं तर ती गोष्ट त्याच्या मनात चोरी होऊन बसेल आणि पुढच्या वेळी विमान तरंगायला लागलं की परत तेच, कुणाला कळू नये म्हणून खाली घालायचं. मी त्याला म्हणलं, तू सांग, मी शेजारी बसतो. मग मी शिरोळला गेलो, स्वयंपाकघरात ताईच्या शेजारी बसलो आणि त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सांगितलं. ताई रडली, मग खांदा दाखव म्हणाली, त्यानं कॉलर बाजूला करून वळ दाखवला, पिवळा पडत आला होता. दाजी दारात उभे होते, ते एवढंच म्हणाले, "ऊस हाय अजून. तू खर्चाचं डोक्यातनं काढ."

शाळेनं त्याला दहा दिवस उडू दिलं नाही, बरं झालं. मग इन्स्ट्रक्टरनं शेजारी बसून त्याला मुद्दाम वाऱ्याच्या वेळेला नेलं आणि नुसते गो-अराउंड करून घेतले, दहा फुटांवर, पाच फुटांवर, चाक टेकल्यावर, उसळी मारल्यावर. एका दिवशी एकपण लँडिंग करायचं नाही असं ठरवूनच नेलं, शेवटचं सोडून. हात पॉवरकडं आपोआप जाईपर्यंत. त्याच इन्स्ट्रक्टरनं संध्याकाळी मेसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, की आज यानं अकरा गो-अराउंड केले.

परत सोलो मिळाला त्या दिवशी दुपारी मी लेथवर होतो. मेसेज आला, चार लँडिंग, दोन गो-अराउंड, वारं १४. मी तो ताईला फॉरवर्ड केला. तिनं लगेच फोन केला आणि मला लँडिंगचं काही विचारलंच नाही, म्हणाली, "दोनदा परत फिरला न्हवं? दोनदा?" मी म्हणलं, होय, दोनदा. मग आत दाजींना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.